खोळ वॉटरप्रूफ हवी कशाला?

डिसेंबर उजाडला की निफाडचा पारा बातम्यांत झळकू लागतो आणि साल्हेर, अलंग, कुलंग, हरिहरकडे मुक्कामी निघणाऱ्यांच्या सॅका भरू लागतात. हिमालयात जाणारे उन्हाळ्याची तयारीही याच दिवसांत सुरू करतात. नाशिकमध्ये काय किंवा पुण्यात काय, पिसांची म्हणजे डाउनची स्लीपिंग बॅग किंवा जॅकेट घेताना गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: वॉटरप्रूफ आहे ना? प्रश्नामागची भीती खरी आहे. बदकाच्या किंवा हंसाच्या छातीवरची ती मऊ लव भिजली की तिचा लगदा होतो आणि ऊब संपते. मात्र पाणी फक्त आभाळातूनच येतं, हे गृहीतक चुकीचं आहे. पिसांच्या रजईला रोज रात्री पाणी पाजतो तो तिच्यात झोपलेला माणूस. म्हणून तिची खोळ बाहेरचं काय अडवते यापेक्षा आतलं काय सोडते, हे आधी पाहायला हवं.

डाउन स्वतः काही गरम नसतं. त्याच्या तंतूंत अडकलेली हवा ऊब धरून ठेवते, आणि ती हवा टिकते फुगवट्यामुळे. गाढ झोपलेल्या माणसाच्या त्वचेतून, घाम आल्याचं जाणवतही नसताना, रात्रभरात साधारण शे-दीडशे मिलिलिटर पाणी वाफ होऊन निघतं. ही वाफ पिसांतून बाहेरच्या गार कापडाकडे सरकते. कापडाने वाट दिली तर ती निघून जाते. वाट नसेल तर तिथेच गार होऊन तिचं पाणी बनतं. समजा, रात्रीकाठी फक्त ४० मिलिलिटर आत राहिलं आणि सकाळी बॅग वाळवायला ऊन मिळालं नाही. पाचव्या रात्रीअखेर ५०० ग्रॅम पिसांत २०० ग्रॅम पाणी असेल. फिल पॉवर, म्हणजे पिसांच्या फुगवट्याचं माप, ७०० की ८०० यावर घासाघीस करून मोजलेले जादा पैसे असे पाण्यात जातात. (तोंड बॅगेत खुपसून झोपणाऱ्याला कुठलंच कापड वाचवू शकत नाही, श्वासातली वाफ वेगळी धरावी लागते.)

याचा टोकाचा दाखला १९११चा आहे. एम्परर पेंग्विनची अंडी आणण्यासाठी विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड हे तिघे मोहीमवीर ऐन हिवाळ्यात अंटार्क्टिकावर पाच आठवडे चालले. त्यांच्या बॅगा रेनडिअरच्या कातड्याच्या होत्या. तिथे पाऊस नव्हताच. तरीही परत येईपर्यंत बॅगांचं वजन दुपटीच्या वर गेलं होतं. घाम आणि श्वास आत गोठत गेले होते, आणि रात्री त्या लाकडासारख्या कडक बॅगेत इंचाइंचाने, अंगाच्या उबेवर बर्फ वितळवत शिरावं लागे.

मग खोळ सैल विणीची घ्यावी, असं नाही. तशी घेतली तर लव बाहेर येईल आणि वाराही आत शिरेल. आपल्याकडे जुन्या गादीवाल्यांना हे पक्कं ठाऊक असतं: कापसाला साधं कापड चालत नाही, घट्ट विणीचा गादीपाटच लागतो. येवल्याच्या आणि मालेगावच्या मागांमुळे नाशिक जिल्ह्याला ताण्याबाण्याची भाषा परकी नाही. तीच इथेही लागू आहे. नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. दहा-वीस डेनियरचा नायलॉनचा बारीक धागा दाट विणायचा, मग तापलेल्या रुळांखालून कापड दाबून काढायचं, म्हणजे धागे चपटे होऊन छिद्रं आणखी बारीक होतात. लव अडते, वारा बराचसा अडतो, वाफ मात्र निघते. पृष्ठभागावर पाणी न धरणारं रसायन चढवलं की दवाचे थेंब मोत्यासारखे घरंगळतात. एवढं पुरेसं असताना आतून प्लॅस्टिकचा लेप देऊन ही छिद्रं बुजवणं म्हणजे चांगल्या विणकामावर पाणी ओतणं आहे. कापसानेही हे साधलं होतं. दुसऱ्या महायुद्धात गार समुद्रात पडणाऱ्या वैमानिकांसाठी मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटने व्हेंटाइल कापड तयार केलं. लांब धाग्याचा तो कापूस भिजला की फुगून स्वतःच विणीची छिद्रं मिटतो आणि कोरडा असताना श्वास घेतो. पिसांवर मात्र तो जड पडतो.

दवाचं काय, हा आक्षेप वजनदार आहे. उघड्या माचीवर एका रात्रीत बॅगेवर साचणारं दव अंगातल्या वाफेपेक्षा जास्तही भरू शकतं. मात्र दव पडतं ते उघड्या आभाळाकडे उष्णता निघून जाऊन वस्तू गार पडते म्हणून. साल्हेरच्या किंवा अलंगच्या गुहेत, नाहीतर डोक्यावर साधी ताडपत्री ताणून झोपलं, तर ते बॅगेवर फारसं उतरत नाही. दवावर उपाय छताचा आहे, लेपाचा नव्हे. शिवाय पिसं जागच्या जागी ठेवायला बॅगेवर शिवणी घालाव्या लागतात आणि प्रत्येक शिवणीत सुईची शेकडो भोकं असतात. शिवणी पट्टीने बंद केल्या नसतील तर कापड वॉटरप्रूफ असूनही बॅग वॉटरप्रूफ नसते. तंबूच्या ओल्या भिंतीला टेकणारा पायाकडचा भाग तेवढा जाड, पाणीरोधक असावा, हे मला मान्य आहे.

पाणी अडवून वाफ सोडणारं गोअर-टेक्ससारखं पटल आहे की, असंही म्हटलं जातं. १९६९मध्ये बॉब गोअर यांनी टेफ्लॉन झटक्यात ताणून सूक्ष्म छिद्रांचं पटल मिळवलं, ते खरोखर मोठं काम होतं. पण वाफ बाहेर जाते ती आत दमट आणि बाहेर कोरडं असलं तरच. जुलैत इगतपुरीच्या ढगात चढताना बाहेरची हवाच पाण्याने भरलेली असते. तिथे महागडं जॅकेटही आतून ओलं होतं, आणि दोष कंपनीचा नसतो. त्या दिवसांत पिसं घरीच ठेवावीत, पाठीवर कृत्रिम भरणाची बॅग असावी. उलट, चादर ट्रेकसारख्या उणे वीसच्या थंडीत काही जाणकार अंगालगतच वाफ अडवणारं अस्तर घालतात, म्हणजे ती पिसांपर्यंत पोचतच नाही. युक्ती खरी आहे, पण कडाक्याच्या अनेक रात्रींसाठी. सह्याद्रीत तिच्यामुळे फक्त चिकचिक होते.

लेबलावर १०,०००/१०,००० असे आकडे दिसले तर पहिला पाण्याचा दाब मिलिमीटरमध्ये सांगतो, दुसरा चोवीस तासांत एका चौरस मीटरमधून जाणारी वाफ ग्रॅममध्ये. दुसऱ्या आकड्याच्या चाचण्या अनेक आहेत आणि त्यांचे निकाल एकमेकांशी ताडता येत नाहीत, म्हणून दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून निवड करू नये. दुकानात बॅग तिच्या पिशवीत कोंबून पाहा: हवा कापडातून न निघता फक्त चेनमधून फुसफुसत असेल, तर लेप आहे. घरी आणल्यावर वाफाळत्या चहाच्या कपावर कापडाचा एक पदर धरा आणि त्यावर काचेचा गार ग्लास उपडा ठेवा. मिनिटाभरात काच धुरकटली नाही, तर बिल हाताशी असतानाच बॅग परत करा.