वीस ग्रॅम डाळ

माझी भाची चौथीत शिकते. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती सिडकोतून रोज दुपारी माझ्याकडे यायची, ती माझ्या जुन्या संगणकाच्या ओढीने. मी तिला म्हटलं, खेळ नंतर, आधी आपण दोघी मिळून एक तक्ता करू.

पहिल्या रकान्यात चार ओळी लिहिल्या: तांदूळ १०० ग्रॅम, डाळ २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम, तेल ५ ग्रॅम. पहिली ते पाचवीच्या मुलाला शालेय पोषण आहारात दुपारी जे जेवण मिळतं, त्याचं हे ठरलेलं माप. त्यातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा नियम आहे. दुसऱ्या रकान्यात हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अन्नघटकांच्या तक्त्यांतले आकडे घातले. देशभरातून नमुने गोळा करून ५२८ खाद्यपदार्थांचं पृथक्करण त्यात दिलेलं आहे. शंभर ग्रॅम तांदळात ७.९ ग्रॅम प्रथिनं, शंभर ग्रॅम तूरडाळीत २१.७. गुणाकार यंत्राने केला. तांदळाचे ७.९, डाळीचे ४.३, मिळून १२.२.

"मावशी, बरोब्बर आलं!" ती खुर्चीत उडालीच.

मी म्हटलं, आता डाळीच्या वीसच्या जागी दहा लिही. तिने लिहिलं. खालची बेरीज आपोआप १०.१ झाली. ती गप्प झाली. मग तिने पाच लिहिलं, मग तीस, मग चाळीस, आणि दर वेळी खालचा आकडा बदलताना बघत राहिली. वरण पातळ झालं म्हणजे नेमकं काय कमी झालं, हे तिला कुणी सांगितलं नाही. तिने ते दहा मिनिटांत आठ-नऊ वेळा करून पाहिलं.

आहार शिकवताना संगणकाचा खरा उपयोग मला इथे दिसतो. फळ्यावर हे गणित एकदा मांडता येतं, फार तर दोनदा. आकडा बदलून बघायची मुभा मुलाच्या हातात येते ती इथेच. बालभारतीच्या चौथीच्या परिसर अभ्यासात 'अन्नातील विविधता', 'आहाराची पौष्टिकता', 'मोलाचे अन्न' असे धडे आहेत. पुस्तकांवर क्यूआर कोड आले, २०१७च्या शिक्षकदिनी 'दीक्षा' हा मंच सुरू झाला, जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळा गावच्या लोकवर्गणीतून 'डिजिटल' झाल्या. त्या कष्टांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण पडद्यावर बहुतेक वेळा चित्रफीत चालते आणि मुलं ती नुसती बघतात. त्यातही आहाराच्या चित्रांत ब्रोकोली आणि स्ट्रॉबेरी. औरंगपुऱ्याच्या भाजीमंडईत अंबाडी, तांदुळजा, शेपू, करडईची कोवळी भाजी यांचे ढीग लागलेले असताना आपल्या मुलाने 'पौष्टिक' म्हणून ब्रोकोलीवर बोट ठेवावं, याचं मला वाईट वाटतं.

वेगळी वाट आपल्याकडे मांडली गेलेली आहे. मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक श्रीधर अय्यर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'कॉम्प्युटर मस्ती' हा शालेय अभ्यासक्रम तयार केला. तेजस, ज्योती आणि त्यांना शिकवणारा मोझ नावाचा उंदीर ही त्यातली पात्रं. संगणकाचं काम मुलांच्या इतर विषयांशी जोडायचं, बटणं पाठ करून घेण्यापेक्षा विचाराची पद्धत शिकवायची, हा त्याचा गाभा. तक्ता करायला शिकायचाच आहे, तर तो स्वतःच्या डब्याचा का नसावा?

खेळातून शिकवण्याचा मोठा प्रयोग अमेरिकेत ह्यूस्टनला झाला. बेलर वैद्यकीय महाविद्यालयातल्या टॉम बॅरानोव्स्की यांच्या गटाने 'स्क्वायर्स क्वेस्ट' नावाचा संगणकीय खेळ तयार केला. राज्यातली फळं-भाज्यांची पिकं नष्ट करायला शत्रू आलेत आणि मूल हा सरदारकीचं शिक्षण घेणारा शिपाई, अशी त्याची गोष्ट. २६ प्राथमिक शाळांतल्या चौथीच्या १,५७८ मुलांवर तो पारखला गेला. पाच आठवड्यांत दहा बैठका. २००३ साली आलेल्या निष्कर्षात, खेळलेल्या मुलांच्या खाण्यात फळं, रस आणि भाज्या मिळून रोज एक वाढप जास्त दिसलं. आमच्याकडच्या कुणी असा खेळ केला, तर त्यात इथली बाजरी यावी.

हे मी उगाच म्हणत नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने काढलेल्या बाजरीच्या एका संकरित वाणाचं नाव एएचबी १२६९. यातलं पहिलं अक्षर आपल्या शहराच्या जुन्या नावाचं: औरंगाबाद हायब्रीड बाजरा. २०१८ साली प्रसारित झालेल्या या वाणाच्या दाण्यात लोह दशलक्ष भागांत ९१, म्हणजे शंभर ग्रॅमला ९.१ मिलिग्रॅम. पोषण संस्थेच्या तक्त्यात साध्या बाजरीत ते ६.४२ आहे, ज्वारीत ३.९५ आणि पांढऱ्या तांदळात अवघं ०.६५. केंद्र सरकारच्या २०१६ ते २०१८ च्या पोषण सर्वेक्षणात पाच ते नऊ वर्षांच्या सुमारे २४ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला होता. त्याशेजारी हे चार आकडे मांडले की वेगळं भाषण द्यावं लागत नाही.

आणि बाजरीचा संगणकाशी थेट संबंध महाराष्ट्रातच आलेला आहे. इथल्या निवासी शाळांतल्या १२ ते १६ वर्षांच्या २४६ मुलामुलींवर सहा महिने अभ्यास झाला. एका गटाला जास्त लोहाच्या 'धनशक्ती' बाजरीची भाकरी, दुसऱ्याला साध्या बाजरीची, दिवसातून दोनदा. शरीरातल्या लोहाचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. त्यांपैकी १४० मुलांना संगणकासमोर बसवून अवधान आणि स्मरण यांच्या पाच चाचण्याही घेतल्या होत्या. पडद्यावर खूण दिसली की बटण दाबायचं, किती वेळ लागला ते यंत्र मोजणार. २०१८ साली आलेल्या निष्कर्षांनुसार, धनशक्तीची भाकरी खाणाऱ्यांचा प्रतिसाद अधिक वेगवान झाला आणि स्मरणही सुधारलं. ही मुलं प्राथमिकची नव्हेत. तरी भाकरीने डोक्यात काय फरक पडतो हे आपल्याच मुलांच्या बोटांनी नोंदवलं, ही गोष्ट चौथीच्या वर्गात सांगण्यासारखी आहे.

तिच्या वयाला रोज १५ मिलिग्रॅम लोह लागतं, हे मी भाचीला सांगितलं. धान्यातलं सगळं लोह अंगी लागत नाही, जेवताना लिंबू किंवा पेरू असला तर जास्त लागतं आणि जेवणाबरोबर चहा घेतला तर कमी, हेही सांगितलं. तिने तक्त्यात 'चहा' असा एक रकाना वाढवला आणि त्यात कुठल्या वारी घेतला त्याच्या फुल्या मारल्या. सातही वारांना फुल्या आल्या. मी काही बोलले नाही.

"पण एका भाकरीला किती पीठ लागतं?" हा प्रश्न तिचाच. तो रकाना रिकामा होता.

संध्याकाळी आई भाकऱ्या करायला बसली, तेव्हा ही स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन तिच्या शेजारी उभी राहिली. आई म्हणाली, "अगं, माझ्या हातालाच माप आहे." हिने ऐकलं नाही. प्रत्येक भाकरीचं पीठ परातीत पडण्याआधी वाटीतून काट्यावर गेलं. बासष्ट ग्रॅम. मग चौसष्ट. मग एकसष्ट. पोरगी आजीकडे बघत राहिली. मग पिठाच्या हातानेच येऊन तिने रिकाम्या चौकटीत ६२ लिहिलं, आणि वरच्या ओळीत, पदार्थाच्या नावापुढे, 'आजीची'.