धारची देवी लंडनमध्ये

मोहनखेड्याचे जैन तीर्थ ज्या धार जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील एक प्राचीन देवीमूर्ती आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. पांढऱ्या संगमरवराची, सुमारे सव्वा मीटर उंचीची ही मूर्ती 1875 मध्ये धार शहरातील जुन्या राजवाड्याच्या अवशेषांत मिळाली. मध्य भारतात अधिकारपदावर असलेल्या विल्यम किंकेड यांच्याद्वारे ती विलायतेस गेली व 1909 मध्ये संग्रहालयाच्या दप्तरी तिची नोंद झाली.

ही देवी कोणती? 1924 मध्ये ओ. सी. गांगुली व का. ना. दीक्षित या विद्वानांनी तिला राजा भोजाची सरस्वती म्हटले. भोज हा विद्येचा थोर आश्रयदाता. त्यामुळे ही ओळख जनमानसात सहज रुजली, व आजही अनेकजण तिला वाग्देवीच मानतात.

परंतु मूर्तीच्या पायथ्याशी एक संस्कृत लेख कोरलेला आहे. 1981 मध्ये डॉ. हरिवल्लभ भायाणी यांनी तो बारकाईने वाचून प्रसिद्ध केला. त्यात संवत 1091, म्हणजे इसवी सन 1034, हा काल दिला आहे. वररुची नामक गृहस्थाने आधी वाग्देवी, नंतर तीन जिनप्रतिमा व त्यानंतर ही अंबिका घडविली, असा त्याचा आशय आहे. शिल्पकार मणथल याचेही नाव त्यात आहे. अंबिका ही बाविसावे तीर्थंकर नेमिनाथ यांची यक्षी. सिंह हे तिचे वाहन. मूर्तीच्या पायाशी कोरलेला सिंह या वाचनास दुजोरा देतो. वाग्देवीची मूर्ती अर्थातच वेगळी होती.

मूळ स्थानापासून दुरावलेली वस्तू निम्मी मुकी होते. अमेरिकेतील मेसा व्हर्डे येथे 1891 मध्ये गुस्ताफ नोर्देनशेल्ड या तरुण स्वीडिश संशोधकाने उत्खनन करून प्वेब्लो लोकांच्या पूर्वजांच्या वस्तू जमविल्या. त्या फिनलंडमध्ये पोहोचल्या. त्यांतील मानवी अवशेष व दफनविधीच्या काही वस्तू 2020 मध्ये त्यांच्या वंशजांना परत मिळाल्या.

मूर्ती कोठे असावी, हा विचार करण्याजोगा प्रश्न खराच. पण ती आपली म्हणण्यापूर्वी तिच्यावर काय लिहिले आहे, हे आपण वाचावयास हवे. म्हणून, विद्यार्थीमित्रांनो, संस्कृत व प्राचीन लिपी यांचा अभ्यास शुष्क समजू नका. दगडावरील चार ओळी वाचता आल्या, तरच आपल्याला आपला इतिहास कळतो.