थेरपिस्टकडे लोक नेमके कशासाठी जातात?

सगळे रिपोर्ट नॉर्मल. तरी छातीत धडधडतं, रात्री तीनला जाग येते, ऑफिसला निघताना पोटात गोळा येतो. डॉक्टर म्हणतात, "टेन्शन घेऊ नका." पण ते कसं थांबवायचं, हे कळत नाही. अनेक जण इथूनच थेरपीकडे वळतात.

थेरपी वेड लागलेल्यांसाठी असते, हा समज अजून गेलेला नाही. प्रत्यक्षात कारणं रोजच्या जगण्यातली असतात.

कोणती कारणं?

जवळच्या माणसाचा मृत्यू, घटस्फोट, नोकरी जाणं, परीक्षेतलं अपयश, बाळंतपणानंतरची उदासी, व्यसन, घरातली सततची भांडणं. काहींचा लहानपणीचा एखादा प्रसंग पिच्छा सोडत नाही. काहींना कारणच सापडत नाही. पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत मन रमत नाही, एवढंच जाणवतं.

मित्रांशी बोलून भागत नाही का?

आधार नक्की मिळतो. पण मित्र आपली बाजू घेतात, लगेच सल्ला देतात. थेरपिस्ट विचारांची सवय तपासायला शिकवतात. "बॉसनं मेसेज वाचून उत्तर दिलं नाही, म्हणजे माझी नोकरी जाणार", याला पुरावा काय? सीबीटी, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी, अशाच प्रश्नांवर चालते.

कधी जायचं?

झोप, भूक, काम किंवा नाती दोन आठवड्यांहून जास्त काळ बिघडलेली असतील, तर मदत घ्यावी. "एवढं काही मोठं झालेलं नाही" म्हणत थांबण्यातच अनेकांची वर्षं जातात. निमहान्सच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार, आजारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचारच मिळत नव्हते.

कुणाकडे जायचं?

औषधांची गरज आहे का, हे सायकिअॅट्रिस्ट ठरवतात. बोलण्यातून उपचार सहसा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा समुपदेशक करतात. काहींना दोन्ही लागतं.

चार लोकांत कळलं तर?

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. जिवाला धोका असेल, अशा मोजक्याच प्रसंगी त्याला अपवाद आहे.

फी परवडत नसेल, तर केंद्र सरकारची 'टेली मानस' हेल्पलाइन आहे. १४४१६ या क्रमांकावर २४ तास, मोफत आणि मराठीतही बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल, तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. घरातल्या कुणाला तरी सांगा आणि लगेच फोन करा.