कुंडीतली मिरची का सुकते?

शाळेत कुंड्यांतून मिरची लावण्याचा उपक्रम पुष्कळ ठिकाणी होतो. बी स्वस्त, रोप लहान, आणि साठ-सत्तर दिवसांत फूल व फळ दोन्ही पाहायला मिळतात. मुले शेजारच्या शेतातली चांगली काळी माती आणतात, थोडे शेणखत घालतात, रोज न चुकता पाणी देतात. महिन्याभराने पाने मलूल होऊन लोंबू लागतात. पाणी कमी पडले असेल असे समजून मुले आणखी पाणी घालतात आणि रोप मरते. शेतकऱ्याच्या घरचा एखादा मुलगा विचारतो, "आमच्या शेतात याच मातीत मिरची येते, मग इथे का नाही?"

प्रश्न अगदी योग्य आहे. नंदुरबारची किंवा नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरची मिरची काळ्या जमिनीतच पिकते. म्हणजे माती वाईट नव्हे. कुंडीत आल्यावर तिचे काहीतरी बिघडते. काय बिघडते ते पाहू या.

यासाठी स्नानाचा एक चौकोनी, विटेच्या आकाराचा स्पंज घ्यावा. तो पाण्यात पूर्ण भिजवून तळहातावर आडवा धरावा. थोडे पाणी गळेल आणि गळणे थांबेल. आता न दाबता तो लांब कडेवर उभा करावा. पुन्हा पाणी गळू लागेल. तेही थांबले की आखूड कडेवर, म्हणजे पूर्ण उंचीत उभा करावा. आणखी पाणी गळेल. स्पंज तोच, छिद्रे तीच, कोणी पिळलेलाही नाही. बदलली ती फक्त उंची.

याचे कारण केशाकर्षणात आहे. स्पंजाची किंवा मातीची बारीक छिद्रे पाणी धरून ठेवतात. छिद्र जितके बारीक तितका पाण्याचा स्तंभ उंच राहतो. हिशेब सोपा आहे. छिद्राचा व्यास आणि स्तंभाची उंची दोन्ही मिलिमीटरमध्ये मोजली, तर त्यांचा गुणाकार सुमारे ३० येतो. १ मिमी व्यासाच्या छिद्रात ३० मिमी पाणी टिकते, ०.३ मिमी व्यासाच्या छिद्रात १०० मिमी, तर ०.१ मिमी व्यासाच्या छिद्रात ३०० मिमी. आता कुंडीची उंची आठवावी. आतली माती साधारण २० सेंमी, म्हणजे २०० मिमी असते. जिच्यातली छिद्रे ०.१ मिमीपेक्षा बारीक आहेत अशा मातीने भरलेली कुंडी पाणी दिल्यानंतर तळापासून वरपर्यंत भरलेलीच राहणार, खाली कितीही भोके पाडली तरी! भोकाशी पोहोचलेल्या पाण्याला खाली ओढणारे काही नसते. शेतात तीच माती मीटर-दीड मीटर खोल सलग असते. ती म्हणजे फार उंच असा उभा स्पंज. वरच्या वीतभर थरातले पाणी खालचा थर ओढून घेतो आणि रिकाम्या झालेल्या छिद्रांत हवा शिरते. शिवाय शेतकरी मिरची वरंब्यावर लावतो, म्हणजे आणखी थोडी उंची मिळते.

हवेला एवढे महत्त्व का? मुळेही श्वसन करतात. एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. २५ अंश सेल्सिअसच्या एक लिटर पाण्यात तो जेमतेम ८ मिलिग्रॅम विरघळतो, आणि पाण्यातून त्याचे पसरणे हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पटींनी मंद असते. माती जसजशी तापते तसतशी मुळांची ऑक्सिजनची गरज वाढते आणि पाण्यातला साठा मात्र घटतो. गुदमरलेल्या मुळांना पाणी शोषता येत नाही. त्यामुळे पाण्यात बुडालेले रोप तहानलेल्या रोपासारखेच दिसते. मुलांची फसगत होते ती इथे. पाने लोंबलेली पाहिली की झारी उचलण्यापूर्वी बोट दोन पेरांपर्यंत मातीत खुपसून पाहावे.

पाणी साचले की मूळकुजव्या सूक्ष्मजीवांचेही फावते. १९२२ साली लिओनियन यांनी अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमध्ये मिरचीवरच्या अशा एका जीवाचे वर्णन केले. त्याचे नाव फायटोफ्थोरा कॅप्सिसी. त्याचे बीजाणू शेपटीसारख्या तंतूंनी पोहत मुळांपर्यंत जातात. पोहायला पाण्याने भरलेल्या वाटा हव्यात, आणि त्या आपणच करून देतो.

काळ्या मातीचा आणखी एक खोडसाळ गुण आहे. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट जातीची चिकणमाती भरपूर असते. ती ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते. शेतात उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगा आपण पाहतोच. कुंडीत हीच माती आक्रसून कडेपासून सुटते. मग वरून घातलेले पाणी त्या फटीतून सरळ तळाशी जाते आणि भोकातून धो धो बाहेर येते. निचरा उत्तम आहे असे वाटते, पण मधला गड्डा कोरडाच असतो!

यावर दोन उपाय नेहमी सांगितले जातात, आणि दोन्ही चुकीचे आहेत. पहिला उपाय आम्ही स्वतः कित्येक वर्षे शिक्षकांच्या शिबिरांत सांगत होतो: तळाशी खडीचा थर द्यावा, म्हणजे निचरा होतो. ऐकायला पटते. एका शिबिरात एका शिक्षिकेने भिजलेला आडवा स्पंज चाळणीतल्या खडीवर ठेवला आणि आम्हाला विचारले, "आता यातून जास्त पाणी का गळत नाही?" आमच्याकडे उत्तर नव्हते. उत्तर वरच्याच हिशेबात आहे. बारीक छिद्रांतले पाणी खडीतल्या मोठ्या पोकळ्यांत आपणहून उतरत नाही. खडीलगतची माती पूर्ण भरेपर्यंत ते अडून राहते. समजा, २० सेंमी मातीत तळाचा ८ सेंमी थर चिंब राहतो. वर १२ सेंमी हवेशीर माती मिळाली. आता तळाशी ४ सेंमी खडी घातली. माती उरली १६ सेंमी, चिंब थर मात्र तेवढाच, ८ सेंमीचा. म्हणजे मुळांना हवेशीर जागा १२ऐवजी ८ सेंमी! भोकावर माती वाहून जाऊ नये म्हणून खापरीचा एक तुकडा ठेवावा, तेवढे पुरे.

दुसरा उपाय म्हणजे चिकण मातीत मूठ-दोन मुठी वाळू मिसळणे. हे का चालत नाही ते स्वयंपाकघरात दाखवता येईल. एक वाटी हरभरे आणि एक वाटी मोहरी एकत्र करून मोजावी. दोन वाट्या भरत नाहीत. मोहरी हरभऱ्यांमधल्या पोकळ्यांत जाऊन बसते. वाळूचे कण आणि चिकणमाती यांचे तसेच होते. वाळूचे कण एकमेकांना टेकतील इतकी वाळू असेल तरच मोठ्या पोकळ्या तयार होतात. थोड्या वाळूने हवा तर वाढत नाहीच, वाळल्यावर माती विटेसारखी घट्ट मात्र होते.

मग मिश्रण कसे करावे? इंग्लंडमध्ये जॉन इनेस संस्थेतल्या लॉरेन्स व न्यूएल यांनी १९३०च्या दशकात कुंड्यांसाठी प्रमाण मिश्रण ठरवले: आकारमानाने ७ भाग पोयटा, ३ भाग पीट आणि २ भाग जाड वाळू. पीट म्हणजे थंड प्रदेशातल्या दलदलीत अर्धवट कुजून साठलेले वनस्पतींचे अवशेष. आपल्याकडे त्याचे काम नारळाच्या काथ्याचा भुसा, म्हणजे कोकोपीट, करतो. मिरचीसाठी आम्ही एक भाग लाल माती किंवा भुसभुशीत पोयटा, एक भाग कोकोपीट, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि अर्धा भाग जाड वाळू अथवा भाताचे तूस असे घेतो. वाळू चाळून तिच्यातली बारीक पूड काढून टाकावी, नाहीतर हरभरा-मोहरीचीच गोष्ट होते. लाल माती का? तिच्यातली चिकणमाती बहुतांशी केओलिनाइट जातीची असते आणि ती फारशी फुगत नाही. काळ्या मातीशिवाय दुसरी मिळतच नसेल, तर ती एकूण मिश्रणाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त घेऊ नये. तिच्यात बहुधा चुनखडीही असते. त्यामुळे लोह मुळांना मिळेनासे होते आणि कोवळी पाने शिरा सोडून पिवळी पडतात.

कोकोपीटमध्ये क्षार असतात, म्हणून ते दोन-तीनदा पाण्यात भिजवून पिळून घ्यावे. लाकडाचा ताजा भुसा फुकट मिळतो म्हणून घालण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. त्यात कार्बन भरपूर आणि नायट्रोजन अगदी थोडा. तो कुजवणारे जिवाणू मिश्रणातला नायट्रोजन स्वतःसाठी ओढून घेतात आणि रोप पिवळे पडते. ताजे शेणही नको. कुजताना ते तापते आणि त्यातून अमोनिया सुटतो.

मिश्रण जमले की नाही हे वर्गात मोजता येते. ज्या कुंडीत रोप लावायचे तीच कुंडी घ्यावी, कारण उंची बदलली की उत्तर बदलते. भोक बुचाने बंद करून किती पाणी मावते ते आधी मोजून घ्यावे. मग कुंडीत मिश्रण भरावे आणि पृष्ठभागावर पाणी चमकेपर्यंत हळूहळू पाणी घालावे. काही तास तसेच ठेवून, लागल्यास आणखी थोडे घालावे. नंतर खाली भांडे धरून बूच काढावे आणि गळलेले पाणी मोजावे. जेवढे पाणी बाहेर आले तेवढी हवा आत गेली. कुंडी ४ लिटरची आणि गळलेले पाणी ६०० मिलिलिटर असेल, तर हवेचा वाटा १५ टक्के. १० ते २० टक्क्यांच्या दरम्यान आले तर मिरची खूश असते. त्याहून कमी आले तर जाड घटक वाढवावेत. पुष्कळ जास्त आले तर उन्हाळ्यात दिवसातून दोनदा पाणी द्यावे लागेल, म्हणून कोकोपीट किंवा खत थोडे वाढवावे. एका गटाने नुसती काळी माती आणि दुसऱ्याने मिश्रण घेऊन हा प्रयोग केला, तर फरक तासाभरात सर्वांना दिसतो.

हेच मोजमाप सहा महिन्यांनी त्याच कुंडीवर पुन्हा करून पाहण्यासारखे आहे. शेणखत आणि कोकोपीट हळूहळू कुजून बारीक होतात, मिश्रण दबते, काठापासून दोन-तीन बोटे खाली जाते. छिद्रे बारीक झाली आणि उंचीही घटली, म्हणजे चिंब थराला दोन्हीकडून मदत! वरून नुसते खत घालून भागत नाही. नवे रोप लावताना माती बाहेर काढून मोकळी करावी, जुनी मुळे वेचावी आणि जाड घटक पुन्हा मिसळावेत. आधीचे रोप मूळकुजीने गेले असेल, तर ती माती मिरची, टोमॅटो, वांगे यांच्यासाठी परत वापरू नये.