उंबऱ्याच्या आत आलेले दुकान

रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. शटर ओढून, कुलूप दोनदा हलवून पाहून दुकानाचा मालक घरी परततो. घरातल्यांची जेवणे सूर्यास्तापूर्वीच आटोपलेली असतात; त्याचा स्वतःचा डबा गल्ल्यामागच्या लहानशा खोलीत, उभ्याउभ्या म्हणावा अशा घाईत रिकामा झालेला असतो. दिवाणखान्यात तो टेकतो न टेकतो तोच खिशातला मोबाईल थरथरतो. सुरतेचा व्यापारी उद्याच्या गाठी रवाना करू का म्हणून विचारत असतो. समोर बारावीतला मुलगा प्रवेशाचा अर्ज हातात घेऊन उभा असतो. ‘दोनच मिनिटे’ असे त्याला खुणेने सांगितले जाते. ती दोन मिनिटे संपतात तेव्हा मुलगा आपल्या खोलीत गेलेला असतो, आणि अर्जातला तो रकाना त्याने स्वतःच्याच बुद्धीने भरून टाकलेला असतो.

महाराष्ट्रातल्या कुठल्याही बाजारपेठेत, कापड असो, भुसार असो वा सराफी, हे चित्र थोड्याफार फरकाने आढळते. यात कोणी दुष्ट नाही, कोणी आळशी नाही. कुटुंबासाठीच राबणारा माणूस कुटुंबाला भेटत नाही, एवढीच गोष्ट आहे. परंतु ती लहान नाही. ज्या मुलाने वडिलांना नेहमी पाठमोरेच पाहिले, तो पुढे ‘मला पेढीवर बसायचे नाही’ असे सांगतो, तेव्हा घरात आश्चर्य व्यक्त होते. त्याला व्यापाराचा तिटकारा नसतो. त्या दिनक्रमाची त्याला धास्ती वाटत असते.

दोन पिढ्यांपूर्वी दुकान खाली आणि घर माडीवर अशी रचना सर्रास होती. संध्याकाळी चौविहाराची वेळ झाली की जिना चढून वर जायचे, पानावर बसायचे आणि पुन्हा खाली यायचे. त्या अर्ध्या तासात शाळेचे प्रगतिपुस्तक, आजीचा गुडघा आणि नणंदेच्या सासरचे पत्र असे सगळे उरकून जाई. पुढे घरे शहराच्या कडेच्या सोसायट्यांत गेली, दुकाने मात्र पेठेतच राहिली. जिन्याच्या जागी तासाभराची वाहतूक आली. रात्रिभोजनत्यागाचा नियम अनेक कुटुंबांनी निष्ठेने टिकवला, पण त्या नियमाबरोबर येणारी पंगत डब्यात बंद झाली. पुण्यातल्या दुपारी एक ते चार बंद राहणाऱ्या दुकानांची सगळे जग थट्टा करते. त्या तीन तासांत किती घरांत बापलेकांनी एकत्र भात कालवला, याची नोंद मात्र कोणी ठेवलेली नाही.

कायद्याचीही मदत व्यापाऱ्याला आता होत नाही. 1948च्या मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियमानुसार दुकान आठवड्यातून एक दिवस बंद ठेवावेच लागे. मालक कुरकुरत असे, परंतु समोरचे दुकानही बंद असल्याने निश्चिंतपणे घरी बसत असे. 2017च्या नव्या कायद्याने वर्षाचे सर्व दिवस दुकान उघडे ठेवण्याची मुभा दिली. कामगाराची साप्ताहिक सुटी कायम राहिली, आणि ते योग्यच झाले; पण मालकाला सुटी देणारा कोणीच उरला नाही. त्याच वर्षी 1 जुलैला जीएसटी आला. महिन्याची 11 आणि 20 तारीख जवळ आली की वहीचे काम घरच्या टेबलावर येऊन बसते. ज्या घरात सून किंवा पत्नी हिशेब पाहते, तिथे तर ती स्वयंपाकघर आवरून रात्री बिले जुळवीत बसते, आणि तिच्या या कामाला दुकानाचे काम म्हणावे की घराचे, हे कोणी ठरवलेले नसते. मोबाईलवरून साड्यांच्या ऑर्डरी घेणाऱ्या गृहिणीची स्थिती याहून अवघड आहे. तिला ओढायला शटरच नाही.

नोकरदाराला त्याची कचेरी संध्याकाळी निदान घरी तरी पाठवते. व्यापाऱ्याला घरी पाठवणारा तो स्वतःच. म्हणून त्याच्यापुढचा प्रश्न वेळ कमी असल्याचा नसून मर्यादा कोणी आखायची, हा आहे. आणि या प्रश्नावर श्रावकाचाराइतका बारकाईने विचार फार थोड्या ठिकाणी झाला असेल. श्रावकाच्या बारा व्रतांत ‘देशावकाशिक’ नावाचे एक व्रत आहे. दिग्व्रताने जन्मभरासाठी आखलेले क्षेत्र एखाद्या दिवसापुरते किंवा काही तासांपुरते आणखी आवळून घ्यायचे. उदाहरणार्थ, आज सूर्यास्तानंतर घराच्या अंगणाबाहेर जाणार नाही, व्यवहार करणार नाही. व्रत म्हणून हे सोपे भासते. खरी मौज त्याच्या अतिचारांत आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात ते पाच सांगितले आहेत: मर्यादेबाहेरची वस्तू आणवणे, आपण न जाता दुसऱ्याला पाठवणे, शब्दानुपात, रूपानुपात आणि पुद्गलक्षेप. शब्दानुपात म्हणजे स्वतः हद्दीत राहून खोकून, खाकरून किंवा हाक देऊन बाहेरच्या माणसाकडून काम करवून घेणे. रूपानुपात म्हणजे तोंडाने काही न बोलता नुसते स्वतःला दाखवून इशारा देणे. पुद्गलक्षेप म्हणजे खडा फेकून लक्ष वेधणे.

तार-टेलिफोनाचा मागमूस नसलेल्या काळात केलेला हा विचार आहे. देह घरात आणि व्यवहार बाहेर, अशी पळवाट माणूस शोधणार, हे शास्त्रकारांना तेव्हाच ठाऊक होते. सोफ्यावर बसून सुरतेच्या व्यापाऱ्याशी बोलणे हा शब्दानुपात; कारखान्यातला माल व्हिडिओ कॉलवर पाहून मान हलवणे हा रूपानुपात; ‘उद्या सकाळी बोलू’ म्हणत रात्री अकराला टाकलेला एका ओळीचा संदेश म्हणजे खडा फेकणेच. व्रत न घेतलेल्या गृहस्थाला हे अतिचार लागू होत नाहीत, हे खरे. पण घरी आलेला माणूस घरी का पोहोचत नाही, याचे इतके नेमके निदान आजच्या व्यवस्थापनाच्या पुस्तकांतही सहजी सापडणार नाही.

सामायिकाचेही तसेच आहे. दोन घटिकांचे, म्हणजे 48 मिनिटांचे सामायिक हा दिवसरात्रीचा नेमका तिसावा भाग. त्यातही मन भरकटणे आणि सामायिकाचे भानच सुटणे हे अतिचार मानले आहेत. कटासन्यावर बसून उद्याचा भाव मनात घोळवणाऱ्याला आपले काय चुकते, ते पक्के माहीत असते. पौषधात आहार, शरीरसत्कार आणि अब्रह्म यांबरोबर व्यापाराचाही त्याग सांगितला आहे. तिथला ‘व्यापार’ हा शब्द सर्वच सांसारिक उठाठेवींसाठी येतो, परंतु पेढीवाल्याच्या कानाला तो आपल्यासाठीच योजलेला वाटला तर नवल नाही.

मर्यादा केवळ दिवसाला नसते, आयुष्यालाही असते. उपासकदशांगात वाणिज्यग्रामच्या आनंद श्रावकाची कथा आहे. बारा कोटी सुवर्णाचा धनी. चार कोटी निधानात, चार कोटी व्यापारात आणि चार कोटी घरप्रपंचात. चाळीस हजार गायी, परदेशी मालासाठी पाचशे आणि जवळच्या वाहतुकीसाठी पाचशे गाड्या. राजापासून सार्थवाहांपर्यंत सगळे त्याचा सल्ला घेत. भगवान महावीरांपुढे त्याने जे होते तिथेच परिमाण बांधले. व्रतांची चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर, पंधराव्या वर्षात, त्याने मित्र व ज्ञातिजनांना जेवू घातले, सर्वांसमक्ष कुटुंबाचा भार थोरल्या मुलावर सोपवला आणि यापुढे कोणत्याही कामात आपल्याला विचारू नये, असे सांगून तो पौषधशाळेकडे निघून गेला. या प्रसंगात वैराग्य तर आहेच, पण वाचकाने त्या शेवटच्या सूचनेपाशी थोडे थांबावे. किती पेढ्यांत सत्तरी ओलांडलेले वडील ‘मुलगाच सगळे बघतो’ असे म्हणतात आणि तिजोरीची किल्ली मात्र करदोड्याला ठेवतात! पन्नाशीचा मुलगा मग पंचवीस रुपयांची सूट देण्यासाठीही वडिलांकडे पाहतो, आणि संध्याकाळी नातवाच्या गॅदरिंगला दोघांपैकी कोणीच जाऊ शकत नाही.

काही कुटुंबांनी यातून आपापले मार्ग काढले आहेत. कुठे दोन भावांनी संध्याकाळ वाटून घेतली आहे. एक दिवसाआड एकेकाने सूर्यास्तापूर्वी घरी जाऊन सर्वांबरोबर जेवायचे. कुठे घरात शिरताच सगळ्यांचे मोबाईल एका परडीत ठेवले जातात, आणि परडीवर लक्ष ठेवण्याचे काम घरातल्या सर्वांत लहान मुलीकडे असते. ती कोणाचीच भीड ठेवत नाही. असे नियम फुकट मिळत नाहीत, हेही स्पष्ट म्हटले पाहिजे. जूनअखेरीस पुण्यात सूर्य सव्वासातपर्यंत असतो, तेव्हा फारसे बिघडत नाही. डिसेंबरात तो सहाच्या सुमारास मावळतो, आणि नेमकी तीच लग्नसराईच्या गिऱ्हाइकीची वेळ. दिवाळीच्या अमावास्येला तर एकीकडे महावीर निर्वाणाची आराधना, एकीकडे वहीपूजन आणि दारात वर्षातली सर्वांत मोठी गर्दी. त्या दिवशी भल्याभल्यांचा नियम डळमळतो.

तरीही काही दुकानांत डिसेंबरातल्या संध्याकाळी साडेपाच वाजले की थोरला भाऊ गादीवरून उठतो आणि चप्पल पायात सरकवतो. समोर शालूंचा ढीग उलगडलेला असतो. ‘शेवटचा भाव शेठ सांगतील ना?’ असे गिऱ्हाईक विचारते. ‘शेठ घरी जेवायला गेले, सातला येतील. तोवर मी दाखवतो,’ असे विक्रेता सांगतो. गिऱ्हाईक कधी थांबते, कधी समोरच्या दुकानात जाते.