नाळेतले रक्त : ठेव की दान?

'या गावाशी माझी नाळ जुळली आहे,' असे आपण सहज बोलून जातो. घरोघरी बाळंतपणे होत, तेव्हा बाळाची नाळ आणि वार परसात पुरण्याची रीत होती. आता बाळंतपण इस्पितळात होते आणि नाळ व वार बहुधा टाकून दिली जाते. त्यांच्याबरोबर थोडे रक्तही वाया जाते. 'हे रक्त गोठवून ठेवा, पुढे तुमच्याच बाळाच्या कामी येईल,' असे सांगणाऱ्या जाहिराती होणाऱ्या आईबापांपुढे येतात. त्यासाठी बरेच पैसेही मोजावे लागतात. म्हणून या दाव्यामागचे विज्ञान तपासून पाहू या.

या रक्तात असते काय?

गर्भाला अन्न आणि प्राणवायू वारेतून नाळेच्या वाटे मिळतो. नाळ कापल्यावर वारेकडच्या भागात काही रक्त उरते. नाळेच्या शिरेत सुई घालून ते पिशवीत उतरवून घेतात. साधारणपणे ५० ते १०० मिलिलिटर मिळते. नाळ तेव्हा बाळापासून वेगळी झालेली असल्याने आईला किंवा बाळाला काही दुखत नाही.

या रक्तात मूळपेशी असतात. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठवणाऱ्या बिंबिका या सर्वांची जननी म्हणजे मूळपेशी. मोठेपणी त्या मुख्यतः हाडांच्या पोकळीतील अस्थिमज्जेत असतात. ज्याची अस्थिमज्जा बिघडली आहे, त्याच्या शिरेतून निरोगी मूळपेशी सोडल्या, तर त्या हाडांत जाऊन वस्ती करतात आणि नवे रक्त तयार करू लागतात.

६ ऑक्टोबर १९८८ रोजी पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात डॉ. एलियान ग्लुकमन यांनी हा प्रयोग नाळेतील रक्त वापरून प्रथमच केला. रुग्ण होता पाच वर्षांचा एक अमेरिकन मुलगा. त्याला फॅन्कोनी ॲनिमिया हा आनुवंशिक रोग होता. प्रयोग यशस्वी झाला. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा : ते रक्त त्याचे स्वतःचे नव्हते, त्याच्या नवजात बहिणीचे होते.

गोठवण्याची युक्ती

पेशी नुसत्या बर्फाच्या कपाटात ठेवल्या, तर मरतात. फार वेगाने थंड केल्यास पेशीच्या आत बर्फाचे स्फटिक होतात आणि ते पेशी फोडतात. फार सावकाश थंड केल्यास आधी बाहेरचे पाणी गोठते, उरलेल्या पाण्यात क्षार दाटतात आणि पेशीतील पाणी बाहेर खेचले जाऊन ती सुकते. म्हणून मधला मार्ग काढावा लागतो. प्रथम सेंट्रिफ्यूज यंत्राने तांबड्या पेशी आणि रक्तद्रव बाजूला काढतात. उरलेल्या भागात डायमेथिल सल्फॉक्साइड हा द्रव मिसळतात. तो पेशींना गोठताना होणाऱ्या इजेपासून वाचवतो, हे लव्हलॉक आणि बिशप यांनी १९५९ साली दाखवले. मग तापमान मिनिटाला सुमारे १ अंश सेल्सिअस या वेगाने उतरवतात. पाणी गोठताना अप्रकट उष्मा बाहेर पडतो, हे तुम्ही शाळेत शिकला आहात. त्या क्षणी यंत्राला जास्त गारवा पुरवावा लागतो, नाहीतर वेग बिघडतो.

शेवटी पिशवी द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत जाते. त्याचा उत्कलनबिंदू उणे १९६ अंश सेल्सिअस. इतक्या थंडीत पेशींतील रासायनिक क्रिया जवळजवळ थांबतात. २७ वर्षे गोठवलेल्या रक्तातील मूळपेशीही कार्यक्षम असल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. तेव्हा हे रक्त टिकते, यात शंका नाही. मग प्रश्न उरतो, ते कोणाच्या उपयोगी पडते?

जुळणीचे गणित

स्वतःचे रक्त स्वतःशी शंभर टक्के जुळते, हे खरे. पण अडचणही तिथेच आहे. थॅलेसेमियासारख्या आनुवंशिक रोगात जनुकातला दोष जन्मापासून शरीरातल्या प्रत्येक पेशीत असतो. नाळेतील रक्तही त्याला अपवाद नाही. तेच रक्त परत दिले, तर तोच रोग परत दिल्यासारखे होईल. लहानपणी होणाऱ्या रक्ताच्या कर्करोगातही पहिले बिघाड पुष्कळदा जन्माआधीच झालेले असतात.

आता भावंडांचे पाहू. पेशींची जुळणी ठरवणारी जनुके सहाव्या गुणसूत्रावर जवळजवळ असतात. आईकडून दोन संचांपैकी एक मिळतो, वडिलांकडूनही दोनांपैकी एक. एकूण चार जोड्या संभवतात. म्हणून एका भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता १/४. दोन भावंडे असली, तरी एकही न जुळण्याची शक्यता ३/४ × ३/४ म्हणजे ९/१६, निम्म्याहून जास्त! अशा रुग्णाला परक्याच्या दानाकडेच पाहावे लागते. नाळेतील रक्ताचा गुण असा, की जुळणी थोडी कमी असली तरी ते चालते.

पेशींची संख्याही पाहावी लागते. रुग्णाच्या दर किलोग्रॅम वजनामागे निदान अडीच कोटी पेशी हव्यात असा ढोबळ नियम आहे. पिशवीत १०० कोटी पेशी असतील, तर त्या ४० किलोग्रॅम वजनाच्या रुग्णाला पुरतील. म्हणजे प्रौढ माणसाला बहुधा एक पिशवी पुरत नाही.

मग आईबापांनी काय करावे?

पहिला मार्ग दानाचा. न्यूयॉर्कच्या रक्तकेंद्राने १९९२ साली सार्वजनिक नाळरक्तपेढी सुरू केली. तिथे दात्याकडून पैसे घेत नाहीत, आणि रक्त ज्याला जुळेल त्याला मिळते. दुसरा मार्ग खासगी पेढीत स्वतःसाठी ठेव ठेवण्याचा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटले आहे, की पुढे स्वतःच्याच वापरासाठी हे रक्त साठवण्याला शास्त्रीय आधार नाही. मात्र घरात एखादे मूल अशा उपचाराने बरे होणाऱ्या रोगाने आजारी असेल, तर धाकट्या भावंडाचे रक्त जरूर राखावे. डॉक्टरही तसाच सल्ला देतात.

तिसरा मार्ग फारसा कोणी सांगत नाही. हे रक्त मुळात बाळाचेच आहे. नाळ बांधण्याची घाई न करता निदान एक मिनिट थांबावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. तेवढ्या वेळात वारेतले बरेच रक्त बाळाच्या अंगात जाते आणि पुढचे काही महिने पुरेल असा लोहाचा साठा त्याला मिळतो. त्यानंतर पिशवीसाठी रक्त कमी उरते; पण पिशवी भरण्यासाठी बाळाचा वाटा कापणे योग्य नव्हे. आपल्याकडे दान स्वीकारणाऱ्या पेढ्या मोजक्याच आहेत. जवळ तशी पेढी नसेल, तर हा बिनखर्चाचा मार्ग सर्वांना मोकळा आहे.

मित्रहो, तुमच्या घरी किंवा शेजारी बाळ येणार असेल आणि अशी जाहिरात हाती पडली, तर तिला तीन प्रश्न विचारा : रक्त कोणासाठी ठेवायचे? त्यात पेशी किती? आणि बाळाचा वाटा आधी बाळाला मिळाला का? उत्तरे मिळाल्यावरच आईबापांनी पैशांचा विचार करावा.