बाल्कनीतला आंबिया बहार

2017च्या जानेवारीत सोलापूर रस्त्यावरच्या एका नर्सरीतून हे झाड आणलं तेव्हा त्यावर बत्तीस फळं होती. "मिनी संत्रं आहे साहेब," नर्सरीवाला म्हणाला. घरी येऊन एक सोललं, तोंडात टाकलं आणि डोळे गच्च मिटले. गर लिंबाच्या तोडीचा आंबट, साल मात्र गोडसर! ते कॅलॅमॉन्डिन, म्हणजे संत्रं आणि कुमक्वाट यांचा संकर, हे पुढे कळलं. फिलिपिन्समध्ये त्याला कलामान्सी म्हणतात आणि आपण पोह्यांवर लिंबू पिळतो तसं तिकडे ते जेवणावर पिळतात. आपल्याकडे ते शोभेचं. पिकलेली फळंही महिनोन्‌महिने झाडावर टिकतात, म्हणून.

पहिली दोन वर्षं मी झाडाचे फार लाड केले. रोज सकाळी झारीभर पाणी, तेही सोसायटीच्या बोअरचं, बादलीला पांढरा थर धरणारं. पानं पिवळी पडू लागली. शिरा तेवढ्या हिरव्या. भुकेलं असेल म्हणून खत घातलं, पाणी वाढवलं. खरं तर त्या क्षारांच्या पाण्यामुळे आणि सदा ओल्या मुळांमुळे झाडाला मातीतलं लोहच उचलता येत नव्हतं. ताट वाढलेलं, पण घास उतरत नाही, अशी अवस्था. फुलं जवळपास थांबली.

2019च्या उन्हाळ्यात मात्र बुंध्यातून एक फांदी सरसरून वर आली. जाड, तजेलदार, बोटभर काट्यांची. दोन महिन्यांत ती झाडाच्या डोक्यावर गेली आणि मी येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं दाखवत सुटलो. वरुडच्या मामांनाही फोटो पाठवला. त्यांची तिकडे संत्र्याची बाग आहे. लगेच फोन आला. "अरे, हे तं जंबेरी हाय. तू खुंट पोसून राह्यला!"

संत्र्याचा डोळा भरतात तो जंबेरीच्या किंवा रंगपूरच्या खुंटावर. माझ्या कुंडीत कलमाचा जोडच मातीखाली गाडलेला होता. खुंटाला फूट आली, आणि वरच्या झाडाचं सगळं बळ तीच खात होती. मामांच्या सांगण्यावरून माती उकरली, फूट मुळाशी कापली, झाड जोड उघडा राहील असं उचलून बसवलं आणि बुंध्याला मोरचूद-चुन्याची पेस्ट फासली. कापलेली फांदी टाकताना वाईट वाटलं, हे कबूल करतो. त्या वर्षीची घरातली सगळ्यात देखणी गोष्ट तीच होती.

2020चा पावसाळा अळ्यांचा. सुरुवातीला पानावर पक्ष्याची विष्ठा पडलीये असंच वाटायचं. मग ती विष्ठा चालू लागली. मोठी होऊन हिरवीगार झालेली अळी लेकीनं काडीनं डिवचली, तर डोक्यामागून नारिंगी रंगाची दोन शिंगं बाहेर आली आणि उग्र वास सुटला. ती लिंबावरच्या फुलपाखराची अळी. घरातच अडकलेल्या त्या दिवसांत औषध मारायला लेकीनं साफ नकार दिला. शेवटी अळ्यांची बदली कढीपत्त्यावर केली. तोही लिंबाच्याच कुळातला. महिनाभर आमटी कढीपत्त्याविना झाली.

फुलं मात्र तरीही तुरळकच. मामा 2022मध्ये पुण्याला आले, कुंडीत बोट खुपसलं आणि म्हणाले, "रोज पाणी कायले देऊन राह्यला? झाडाले तहान लागू दे थोडी." आंबिया बहार, म्हणजे थंडी सरताना येणारा फुलोरा, धरायचा तर बागेचं पाणी डिसेंबर-जानेवारीत तोडतात. वाढ थांबते, काडीत अन्न साठतं, मग पाणी सोडलं की नव्या पालवीबरोबर फुलं येतात. बागेत हा ताण महिना-दीड महिना चालतो. कुंडीला तेवढं झेपणार नाही. पाचेक दिवस पुरेत, असं त्यांनी बजावलं.

2023च्या फेब्रुवारीत बाल्कनीचं दार उघडलं की वास थेट स्वयंपाकघरापर्यंत यायचा. त्या वर्षी फळं मोजायची राहून गेली. लोणचं मात्र दोन बरण्या झालं, सालीसकट.

आज यंदाच्या ताणाचा चौथा दिवस. पानं दुपारी जरा वळतात, संध्याकाळी सरळ होतात. झारी मी शेजारच्यांकडे ठेवून आलोय.